गुराख्याचा वाढदिवस

मुलांच्या हौसेला भूगोल ठाऊक नसतो. कृष्णा कोठे उगम पावते हे ज्या मुलाला शाळेत तीनदा विचारूनही सांगता येत नाही, तोच मुलगा घरी आल्यावर सतरंजीचा समुद्र करतो, पाटाचे गलबत करतो आणि घटकाभरात मादागास्कर गाठून जेवायला परत येतो. या प्रवासाला तिकीट लागत नाही म्हणून आपणही निश्चिंत असतो. खरी अडचण वाढदिवसाला उभी राहते. त्या दिवशी मुलाचा प्रवास आपल्या खर्चाने व्हायचा असतो.

आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे सकाळी न्हाणे, पाटावर बसणे, औक्षण, वाटीभर खीर आणि संध्याकाळी देवाला जाऊन येणे. त्या दिवशी मार बसत नसे, हीच मोठी भेट. आता वाढदिवसाला ‘थीम’ लागते. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा शिक्षिका असल्यामुळे मला तो चटकन कळला. थीम म्हणजे निबंधाचा विषय. विषय सोडून लिहिले की गुण कापतात. विषय सोडून केक आणला की पाहुणी मुले नाके मुरडतात. आमच्याच गल्लीत एका घरी समुद्राचा वाढदिवस झाला, तेव्हा त्या माउलीने निळ्या इडल्या केल्या होत्या. मुलांनी त्या खाल्ल्या नाहीत, पण विषयाला धरून होत्या हे सर्वांनी मान्य केले.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या चिरंजिवांना आठ वर्षे पुरी व्हायची होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले, “मला काउबॉयचा वाढदिवस पाहिजे.”

आमचे हे वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “बरं.” खर्च कळेपर्यंत पुरुष कशालाही ‘बरं’ म्हणतात. पण सातवीतल्या थोरलीला इंग्रजीची नुकतीच गोडी लागलेली. ती म्हणाली, “काउ म्हणजे गाय, बॉय म्हणजे मुलगा. म्हणजे गुराख्याचा वाढदिवस!”

चिरंजिवांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. “गुराखी नाही! काउबॉय!”

माझे सासरे, ज्यांना सारे घर आप्पा म्हणते, ते दाराशी भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. फक्त शेंगा फोडण्याचा आवाज क्षणभर थांबला.

मुलाचे ते वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या मनात घोळत राहिले. थोरलीच्या भाषांतरात तसूभरही खोट नव्हती. काम एकच, पण एका शब्दाला टोपी, बूट आणि घोडा मिळाला, दुसऱ्याला काठी आणि घोंगडे. अभ्यास न करणाऱ्या पोराला ‘गुरं राखायला जाशील’ असा धाक घालण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य खडूइतकेच स्वस्त असते. गंमत अशी, की असे म्हणणारी मंडळी घरी जाऊन ज्या देवापुढे हात जोडतात, त्याने गोकुळात गाईच राखल्या होत्या. देव्हाऱ्यात गुराखी चालतो. वर्गात चालत नाही. मला मात्र ते वाक्य कधी उच्चारता आले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

तयारी केल्यावाचून वर्गात पाऊल टाकायचे नाही ही माझी सवय. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा टोप्या आणि फुग्यांची यादी करण्याआधी मी चार संध्याकाळी बसून या काउबॉयची चौकशी केली. चित्रपटातला काउबॉय मला ठाऊक होता. तो सरायखान्याचे दार लाथेने उघडतो, कोणाला तरी गोळी घालतो आणि मावळत्या सूर्याकडे निघून जातो. त्याच्या गाई कोठे असतात हा प्रश्न मला नेहमी पडे. पुस्तकांत त्या सापडल्या.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, तेव्हा टेक्सासच्या माळांवर लांब शिंगांची लाखो गुरे मोकळी फिरत होती. तिथे चार डॉलरला जाणारे जनावर उत्तरेच्या बाजारात दसपट किमतीला विकले जाई. पण उत्तरेला न्यायची कशी? आगगाडी कॅन्ससमध्ये होती. १८६७ साली कॅन्ससमधल्या ॲबिलिन या गावी गुरे चढविण्याची सोय झाली, आणि टेक्सासहून तिथवर सात-आठशे मैल गुरे हाकीत नेण्याचा धंदा सुरू झाला. दोन-अडीच हजार गुरांमागे दहाबारा माणसे, दिवसाला दहा-पंधरा मैलांची चाल, दोन-तीन महिने धूळ. पगार महिना तीसेक डॉलर. कित्येकांनी अजून विशीही ओलांडलेली नसे. यांच्यात मेक्सिकन पुष्कळ होते. किंबहुना ही विद्या मुळात त्यांचीच. लासो, रँच, रोडिओ हे सारे शब्द स्पॅनिशमधून आलेले. चौघांत एक तरी काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे; त्यांतले काही तर नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. चित्रपटात हे सारे कोठे दिसतात? हे लोक गोळीने फारसे मरत नसत. भरल्या नदीत बुडून मरत, घोड्याच्या रिकिबीत पाय अडकून फरफटत जात, रात्री वीज कडाडून गुरे उधळली की त्यांच्या पायांखाली सापडत.

मला सर्वांत आवडली ती त्यांची रात्र. गुरे बसली की दोघे जण घोड्यांवरून कळपाभोवती उलटसुलट फेऱ्या घालीत, आणि फेऱ्या घालताना गात. गळा असो वा नसो. माणसाचा आवाज सतत कानावर पडत राहिला की गुरे बिचकत नाहीत. मुक्कामावर स्वयंपाक्याची गाडी उभी असे. चार्ल्स गुडनाइट नावाच्या माणसाने १८६६ साली लष्करी गाडीच्या मागे फळ्यांची कपाटे ठोकून हे चालते स्वयंपाकघर बनवले. स्वयंपाकी रात्री गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरलेले असले तरी उत्तर कुठे हे विचारायला नको.

एवढी शिदोरी जमल्यावर मी चिरंजिवांबरोबर वाटाघाटीला बसले. पहिलाच पेच पिस्तुलाचा. पिस्तुलाशिवाय काउबॉय कसला? आणि वाढदिवस पडला दिवाळीच्या सुट्टीत. घरोघर टिकल्यांची पिस्तुले होतीच. चौदा मुले, चौदा पिस्तुले आणि माझे एक डोके! पण इतिहास माझ्या मदतीला धावला. डॉज सिटीसारख्या गावांत शिरताना शस्त्रे वेशीवर ठेवावी लागत. गावात ती घेऊन हिंडायला मनाई होती. मी चिरंजिवांना हे पुस्तकात दाखवले. छापलेल्या गोष्टीपुढे तो जरा नमतो. ठरले असे, की थोरली शेरीफ होऊन फाटकाशी बसेल, पिस्तुले खिळ्यांना टांगून घेईल, चिठ्ठी देईल आणि जाताना परत करील. हा हुद्दा मिळताच ‘गुराख्याचा वाढदिवस’ म्हणून चिडवणे तिने त्याच दिवशी बंद केले. सत्तेने माणूस सुधारतो याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

टोप्या जाड कागदाच्या केल्या आणि चहाच्या पाण्याने रंगवल्या. खऱ्या टोप्यांची कीर्ती मोठी आहे. स्टेटसन नावाच्या टोपीवाल्याने १८६५ साली रुंद काठाची टोपी काढली; ती ऊन अडवी आणि पाऊसही. आमच्या टोप्या फक्त ऊन अडवणार होत्या, आणि तेही संध्याकाळी पाचनंतरचे. गळ्यातल्या रुमालांसाठी माझी एक जुनी तांबडी सुती साडी कापली. कापताना हात जरा अडखळला, पण रुमालाची हकीकत आठवली आणि कात्री पुढे सरकली. काउबॉय धुळीपासून बचाव म्हणून तोंडावर जो रुमाल बांधतो त्याला म्हणतात ‘बँडाना’, आणि हा शब्द आपल्या बांधणीच्या कुळातला. ठिपक्यांची बांधणीची कापडे इकडून युरोपात गेली, तेथून नाव अमेरिकेत पोचले. तसेच डंगरीचे. त्या जाड्याभरड्या कापडाचे नाव पडले मुंबईच्या डोंगरीवरून. म्हणजे सातासमुद्रांपलीकडच्या त्या गड्याच्या अंगावरच्या नावांत एक डोंगरीचे आणि एक आपल्या बांधणीचे. हे मी यांना सांगितले तेव्हा यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. एवढ्या वर्षांच्या संसारात हे दोन-तीनदाच घडले आहे.

बाकीची योजना घरच्याच सामानावर उभी राहिली. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून, बटणांचे डोळे आणि लोकरीची आयाळ लावून काठ्यांवर चौदा घोडी बसवली. उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांवर दोरीचे फास टाकायचे, हा लासो. डाग देण्यासाठी बटाटा कापून प्रत्येकाच्या नावाच्या आद्याक्षराचे ठसे केले. शेवटचा मोठा खेळ गुरे हाकण्याचा. वीस फुगे म्हणजे वीस गुरे. ती हातांनी न धरता केरसुणीने हाकीत अंगण ओलांडून खडूने आखलेल्या गोठ्यात घालायची. खाणे राजम्याची उसळ, भाजलेला पाव, मक्याची कणसे आणि टिनाच्या पेल्यात कॉफीऐवजी कोको. आमच्या भाजीवाल्याने एका संध्याकाळपुरती हातगाडी देऊ केली. तिच्यावर कामट्या वाकवून पांढरी चादर ताणली की गुडनाइटची गाडी तयार. ध्रुवतारा आमच्या अंगणातून दिसत नाही, मध्ये पाण्याची टाकी येते. टाकीकडे दांडी करायची असे ठरले.

हे सारे मी एका रात्री ओट्याशी बसून वहीत उतरवीत होते. घर निजले होते. आप्पा पाणी प्यायला आले आणि पाणी पिऊन झाल्यावरही उभेच राहिले.

“त्या पोरांना जेवायला काय देत?” त्यांनी विचारले.

“राजमा आणि पाव, आप्पा. जिलबीही सांगितलीय.”

“तुझ्या पाहुण्यांचं नाही विचारत. त्या तिकडच्या. गुरं राखणाऱ्या.”

मी गाडीची हकीकत सांगितली. घेवड्याची उसळ, खारवलेले मांस, आंबवलेल्या पिठाचा पाव, काळी कॉफी. स्वयंपाकी पहाटे सर्वांच्या आधी उठून चूल पेटवी.

“म्हणजे गरम मिळत होतं,” आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

लग्न होऊन मी या घरात आले त्या आठवड्यात यांनी मला हळू आवाजात सांगितले होते, ‘आप्पा लहानपणी गुरं राखायचे. पण तो विषय काढू नकोस.’ सतरा वर्षांत मी तो काढला नव्हता. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले, निवृत्तीनंतरही रोज दाढी करून इस्त्रीचा सदरा घालणारे आप्पा मी पाहिलेले. त्या रात्री तो विषय त्यांनीच काढला.

माणदेशात, आटपाडीच्या बाजूला, १९५७ च्या सुमारास. वय आठ वर्षांचे. नेमके आठ. चार घरांची मिळून तेवीस जनावरे. वर्षाची बोली अशी, की दोन सदरे, एक घोंगडे आणि दोन वेळची भाकरी. सकाळी दिलेली भाकरी फडक्यात बांधून न्यायची, ती दुपारी ओढ्याकाठी खायची. रात्रीची भाकरी मालकाच्या घरची जेवणे उरकल्यावर. “भाकरी कमी नाही पडली कधी,” आप्पा म्हणाले. “पण चार वर्षांत गरम भाकरी काय ती बेंदराला.”

मोजणे त्यांना येत नव्हते; शाळेचे तोंड पाहिले नव्हते. मग तेवीस जनावरे कशी सांभाळायची? एका म्हाताऱ्या गुराख्याने युक्ती शिकवली. तेवीस खडे उजव्या खिशात. संध्याकाळी गुरे ओढ्यातून वर चढताना एकेक जनावर गेले की एकेक खडा डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की घरी जायचे.

मी वही मिटली. कारण त्याच दुपारी मी वाचले होते, की टेक्सासची माणसेही कळप मोजताना काही जण खडे या खिशातून त्या खिशात टाकीत, काही दोरीला गाठी मारीत. मी तसे सांगितले. आप्पांना नवल वाटले नाही. “दुसरं काय करतील?” ते म्हणाले.

एका संध्याकाळी उजव्या खिशात खडा उरला. मालकाची खिल्लार कालवड. बावीस जनावरे दावणीला पोचवून आठ वर्षांचे पोर परत माळावर गेले. कालवड करवंदीच्या जाळीत अडकलेली सापडली, पण तोवर अंधार दाटला होता आणि त्या माळावर लांडगे होते. रात्रभर तिच्या गळ्यात हात टाकून बसले आणि येत होती नव्हती ती गाणी म्हणत राहिले. “तिच्यासाठी म्हणत होतो असं तेव्हा वाटायचं,” आप्पा म्हणाले. सकाळी दारात पोचल्यावर मालकाने कालवडीची पाठ चाचपली, चारी पाय उचलून पाहिले, कान पाहिले. मग तिला वैरण टाकून तो घरात गेला. पोराकडे त्याने पाहिलेही नाही.

बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो. मग मी विचारले, “आप्पा, मुलांना सांगाल हे? त्या दिवशी?”

“नाही.” आवाज चढला नव्हता, पण शाळेची घंटा व्हावी तसा तो शब्द होता. “पोटासाठी होतं ते, पोरी. पोटाचा खेळ करू नये.” आणि दिवा मालवून ते गेले.

आता काय करायचे? कागदाच्या चौदा टोप्या कपाटावर वाळत होत्या. त्यांच्याकडे पाहत मी पुष्कळ विचार केला. खेळ म्हटला की तो कोणाच्या तरी कामाचाच होतो. मुली भातुकली खेळतात, ती आईच्या चुलीची. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे उभे करतात. त्या मावळ्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती का, हे कोणी विचारत नाही. मोठ्यांनी तरी वेगळे काय केले? १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट निघाले, आणि पाहता पाहता मोकळ्या माळांना कुंपणे पडली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या माळांवर गुरे बर्फात गोठून मेली. रेल्वेही दक्षिणेत पोचली. वीसेक वर्षांत तो धंदा आटोपला. आणि तो आटपत असतानाच, १८८३ साली, बफेलो बिलने काउबॉयांचा तमाशा उभा केला. १८८७ साली तो लंडनला गेला तेव्हा व्हिक्टोरिया राणीनेही पाहिला. ज्या कामाला महिना तीस डॉलर मिळत, त्या कामाची नक्कल पाहायला लोक तिकिटे काढू लागले. पुढे कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले. घोडा राहिला, पिस्तूल राहिले, गाई तेवढ्या गळाल्या. गाईंबरोबर धूळ गळाली, पगार गळाला, आणि कोणाचे तरी आठ वर्षांचे पोर गळाले. आप्पांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मुलाचा हट्टही खोटा नव्हता. मोकळे माळ, घोडा आणि आपण म्हणू तिकडे जाणारा कळप कोणाला नको असतो? मी कार्यक्रम रद्द केला नाही. आप्पांनाही पुन्हा विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी ते कृष्णेच्या घाटावरून फिरून आले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून ओट्यावर खडे ठेवले. धुतलेले, एकसारखे, बोराएवढे.

“वीस फुगे म्हणालीस ना? वीस आहेत. राखणाऱ्यानं मोजल्याशिवाय जेवायचं नसतं, एवढं मात्र त्यांना सांग. मी टोपी घालणार नाही.”

वाढदिवसाच्या दिवशी फाटकाशी शेरीफने चोख काम केले. तिने एका मुलाच्या वडिलांकडूनही मोबाइल काढून घेऊन चिठ्ठी दिली. लासो कोणालाच जमला नाही आणि सर्वांना आवडला. मग वीस फुगे अंगणात सुटले आणि एकच गिल्ला झाला. मुलांनी त्यांना नावे ठेवली: कपिला, ढवळी, चॉकलेट, एकाचे नाव तर चक्क गणिताच्या बाईंचे. केरसुण्या फिरल्या, वारा आला, कळप उधळला, कसाबसा गोठ्यात शिरला. राजम्याचा वास सुटला होता. मुले हातगाडीकडे धावली तेव्हा आप्पा गोठ्याच्या खडूच्या रेघेवर उभे होते.

“मोजा,” ते म्हणाले.

एकेक फुगा, एकेक खडा. खडे तीन उरले. मुलांनी गाडीकडे पाहिले, आप्पांकडे पाहिले. त्या चेहऱ्याला लाडीगोडी चालणार नाही हे मुलांना फार लवकर कळते. मग चौदा जण टोप्या सांभाळीत शोधायला निघाले. एक फुगा तुळशीमागे मिळाला. दुसरा शेजारच्या गच्चीच्या पायरीवर. तिसरा कोठेच नव्हता. शेवटी एक लहानगी मूठ मिटून आप्पांसमोर आली. तिने मूठ उघडली. आत रबराची तांबडी चिंधी. “ही मेली. माझ्याकडून,” ती म्हणाली.

आप्पा खाली वाकले. त्यांनी ती चिंधी घेतली आणि खडाही तिच्याच हातावर ठेवला. “बरं झालं सांगितलंस. लपवायचं नसतं,” ते म्हणाले. “लागलं नाही ना तुला कुठं?”

तो प्रश्न ऐकताना मी वाढायला घेतलेला डाव तसाच पातेल्यात राहिला.

“आप्पा, तुम्हाला हे सगळं कसं येतं?” चिरंजिवांनी तोंड भरलेले असताना विचारले.

सगळी मुले बसली होती. काही मुलांच्या आया न्यायला येऊन कट्ट्याशी उभ्या होत्या. यांनी माझ्याकडे पाहिले. आप्पा म्हणाले, “मी गुराखी होतो. तुझ्याएवढा असताना.”

“खरे? घोडा होता?”

“नव्हता. पाय होते.”

मुलांची क्षणभर निराशा झाली. मग एकाने विचारले, “बूट?” आप्पांनी मान हलवली. “आणि काटे?” “काटे होते.” यावर सर्वांच्या तोंडून जो उद्गार निघाला तो घोड्याला मिळाला नसता. पुढचा अर्धा तास कोकोचे पेले निवत राहिले. कालवडीची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ती त्यांनी माझ्याजवळ ठेवली आहे. परवा मी ती छापू का म्हणून विचारले, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, “कालवडीचा रंग कोसा लिही. पांढरी नव्हती.” तेव्हा येथे लिहिते, की ती कोसी होती.

अलीकडे मला आणखी एक गोष्ट कळली आहे. टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत तिकडची गुरे टिकेनात, म्हणून १९०६ साली तेथल्या एका मोठ्या पशुपालकाने भारतातून आगबोटीने वशिंडाची गुरे नेली. त्या वंशाला तिकडे ‘ब्राह्मण’ गुरे म्हणतात, आणि त्यांच्या पूर्वजांत गीर, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचेही नाव घेतले जाते. म्हणजे आज एखादा टेक्सासचा काउबॉय जी गाय हाकीत असेल, तिची पणजी आमच्या घाटावर पाणी पिऊन गेली असण्याचा संभव आहे. हे ऐकून आप्पांनी एकच विचारले, “बोटीवर त्यांच्याबरोबर राखायला कोण होतं?” पुस्तकात त्याचे उत्तर नाही. पुस्तके जनावरे मोजतात.

या वर्षीची वसुबारस आता तोंडावर आली आहे. गाय-वासराची पूजा होईल, पणत्या लागतील. गाईला आपण ओवाळतो हे चांगलेच आहे. तिच्यामागून काठी घेऊन आलेल्या पोराला त्या दिवशी ताजी भाकरी वाढावी, एवढेच मला त्यात घालावेसे वाटते. चिरंजिवांना औंदा अंतराळवीर व्हायचे आहे. टोप्या केव्हाच फाटल्या. एक खडा त्या लहानगीबरोबर तिच्या घरी गेला. उरलेले एकोणीस चिरंजिवांच्या कंपासपेटीत आहेत, आणि ती पेटी वर्गात हलवली की फार आवाज होतो, अशी त्यांच्या बाईंची तक्रार आहे. मी अजून त्यांना ते काढून ठेवायला सांगितलेले नाही.